पेट्रोल शंभरच्या खाली येत नाही. पुढची गाडी कशावर चालणारी घ्यावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

राहायला वाईत, नोकरी शिरवळ एमआयडीसीत. सकाळी सव्वासातला निघतो, बोगद्यातून खाली उतरतो, संध्याकाळी खंबाटकी घाट चढून घरी. जाऊन-येऊन ७८ किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस आणि वरचं थोडंफार फिरणं धरलं तर दोन हजार किलोमीटर होतात.

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. पूर्वी १७चं अॅव्हरेज द्यायची, आता टाकी फुल ते टाकी फुल मोजून १६ पडतं. म्हणजे १२५ लिटर. लिटरला १०५ धरा, तेरा हजारांच्या वर गेले. घराच्या हप्त्यानंतर आमच्याकडे हाच सगळ्यात मोठा खर्च आहे.

मे २०२१मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा वाटलं होतं की चढलंय तसं उतरेल. त्या दिवाळीत केंद्राने उत्पादन शुल्क पाच रुपयांनी कमी केलं. मग मार्च-एप्रिल २०२२मध्ये रोज ऐंशी-ऐंशी पैसे करत पंधरवड्यात दहा रुपये वाढले. मे महिन्यात केंद्राने पुन्हा आठ रुपये कमी केले, जुलैत राज्याने व्हॅट पाच रुपयांनी उतरवला. एवढं सगळं होऊनही आकडा शंभरच्या आत आला नाही. आता तो येईल या आशेवर मी तरी गाडी घेणार नाही.

बारा वर्षं होत आली, गाडी बदलायचीच आहे. शोरूममध्ये गेलो तर प्रत्येक जण आपल्याकडे जे उभं आहे तेच चांगलं म्हणतो. म्हणून इथे विचारतोय. सीएनजी, ईव्ही (विजेवरची), हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही), ज्याच्याकडे जे आहे त्याने आपला खरा हिशोब सांगा. कंपनीचं अॅव्हरेज नको, तुमचं हवं. आणि घाटात काय होतं ते जरूर लिहा.

रात्रपाळी

दादा, कल्याणला टॅक्सी चालवतो, नऊ वर्षं सीएनजीवर. दुसरी गाडी चालू आहे, दोन्ही कंपनी फिटेड. एसी लावून किलोला २४-२५ पडतं, हायवेला एकट्याने गेलो तर २८. तुमच्या दोन हजार किलोमीटरला ऐंशी किलो गॅस लागेल. तुमच्याकडचा रेट नव्वदच्या पुढे असेल, म्हणजे साडेसात हजारांच्या आसपास. पेट्रोलपेक्षा साडेपाच हजार वाचले. गाडी घेताना सीएनजीचे नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त द्यावे लागतात, ते दीड वर्षात वसूल.

आता दुसरी बाजू. ६० लिटरची टाकी म्हणतात, पण तो पाण्याच्या मापाचा आकडा आहे. गॅस बसतो नऊ किलो, तोही पंपावर प्रेशर पूर्ण दोनशे बार असेल तर. पाइपलाइनवरच्या मदर स्टेशनला भरलं तर नऊ मिळतो. जिथे ट्रकमधून सिलिंडर आणून गॅस देतात तिथे संध्याकाळी प्रेशर उतरतं आणि सात किलोवरच नोझल थांबतं. मी रात्री दोनला भरतो, कारण तेव्हा रांगही नसते आणि प्रेशरही असतं. तुम्ही नोकरी करता, सकाळी सव्वासातला निघता. तुमच्या रस्त्यावरचा पंप कोणत्या प्रकारचा आहे आणि तुमच्या वेळेला तिथे किती गाड्या असतात, ते आठवडाभर स्वतः जाऊन बघा. हे कोणी सांगत नाही.

अजून एक. सीएनजी स्वस्तच राहील असं धरू नका. २०२१च्या सुरुवातीला मुंबईत किलो पन्नासच्या आसपास होता. एप्रिल २०२२ला सरकारने व्हॅट साडेतेरावरून तीन टक्के केला, रेट सहा रुपयांनी उतरला. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. महिना संपायच्या आत उतरला त्याच्यापेक्षा जास्त चढला. नोव्हेंबरला ८९.५० झाला. दीड-पावणेदोन वर्षांत माझा रोजचा गॅस जवळपास दुप्पट झाला आणि भाडं काही दुप्पट झालं नाही.

टॉर्करेंच

रात्रपाळी, अगदी महत्त्वाचा मुद्दा. मी पुण्यात इंजिनच्या चाचण्यांमध्ये काम करतो, म्हणून त्या भाववाढीमागचं कारण सांगतो.

देशात जमिनीतून निघणाऱ्या गॅसचा भाव सरकारी सूत्राने ठरतो आणि ते सूत्र तेव्हा परदेशी बाजारांना बांधलेलं होतं. एप्रिल २०२२मध्ये तो दहा लाख बीटीयूमागे (हे गॅसमधल्या ऊर्जेचं माप) २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर झाला, ऑक्टोबरमध्ये ८.५७. युक्रेनचं युद्ध त्यात तेल ओतत होतं. एप्रिल २०२३मध्ये सूत्र बदललं. आता भाव कच्च्या तेलाच्या दराच्या दहा टक्के धरतात, वर मर्यादा ठेवून. त्यामुळे तेव्हा मुंबईत सीएनजी किलोमागे आठ रुपयांनी उतरला. पण नीट बघितलं तर काय झालं? सीएनजीचा भाव आता उघडपणे कच्च्या तेलालाच बांधला गेला. शिवाय हा स्वस्त देशी गॅस सगळ्या गाड्यांना पुरत नाही, उरलेला महाग घेऊन त्यात मिसळावा लागतो. गाड्या वाढतील तसा मिसळीतला महाग भाग वाढणार.

म्हणून माझं मत आहे की पेट्रोल महाग झालं म्हणून दुसरं इंधन शोधताना आजचा रेट बघून ठरवू नये. ज्या गोष्टीसाठी आपण पंपावर रांगेत उभे राहतो ती सगळी कधी ना कधी पेट्रोलच्या मागोमाग चढते. आधी दोन प्रश्न विचारायचे : तुमचं रोजचं रनिंग किती, आणि गाडी रात्री कुठे उभी राहते? कृष्णाकाठ, पहिल्याचं उत्तर तुम्ही दिलंत. दुसऱ्याचं?

कृष्णाकाठ

घर स्वतःचं आहे. अंगणात, पत्र्याच्या शेडखाली उभी असते. विजेचं मीटर घराच्या पुढच्या भिंतीवर.

गोदाकाठची

मग तुम्ही नशीबवान आहात, भाऊ! आम्हाला नाशिकला सोसायटीत चार महिने झगडावं लागलं.

आमची ईव्ही दोन वर्षं झाली, २४ युनिटची बॅटरी असलेली छोटी हॅचबॅक. कंपनीचा आकडा तीनशेच्या वर आहे. प्रत्यक्षात शहरात २०० मिळतात, हायवेला नव्वदच्या वेगाने १७०. मे महिन्यात एसी सतत चालू असेल तर त्याहूनही कमी. तुमचे ७८ किलोमीटर तिला अगदी आरामात जमतील. मी रोज रात्री साध्या १६ अँपिअरच्या प्लगला लावते, सकाळपर्यंत भरलेली असते. दोन वर्षांत घराबाहेर चार्ज करायची वेळ फार तर पंधरा वेळा आली असेल.

सोसायटीचं सांगते, इतरांना उपयोगी पडेल. आमचं मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये, पार्किंग चाळीस मीटर लांब. मी स्वखर्चाने केबल टाकणार होते, वीज माझ्याच मीटरची. तरी कमिटीने ‘आग लागली तर जबाबदार कोण’ एवढ्यावर अर्ज अडवून ठेवला. शेवटी परवानाधारक ठेकेदाराकडून आराखडा करून घेतला, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी (जास्त भार आला किंवा वीज गळली तर आपोआप बंद होणारे स्विच) दाखवला, अर्थिंगचं मोजमाप लिहून दिलं, आणि सर्वसाधारण सभेत विषय ठेवला. तिथे सगळ्यात मोठा पाठिंबा दिला तो पंच्याहत्तर वर्षांच्या एका काकांनी. आज त्याच केबलच्या मार्गावरून आणखी तीन गाड्यांच्या वायरी गेल्या आहेत.

घाटाचं विचारलंत. मुंबईला जाताना इगतपुरीहून कसारा घाट उतरते तेव्हा अॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरत राहते. पूर्ण घाट उतरून टक्का हलत नाही, कधी एखादा वाढलेला दिसतो. येताना चढावर तो हिशोब चुकता होतो. पण गाडीत चार माणसं, सामान, एसी, सगळं असून गाडी कुठेही दम खात नाही. पहिल्यांदा कसारा चढले तेव्हा मी मुद्दाम ट्रकच्या मागून बाहेर काढून बघितली. पेट्रोलच्या गाडीला तिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा.

बिलाचं सांगते : प्लगपासून मोजलं तर युनिटला सात किलोमीटर.

सावली

ताई, सात किलोमीटर धरले तर कृष्णाकाठ यांना महिन्याला २८५ युनिट जास्त लागणार. महावितरणच्या घरगुती टप्प्यांत ते ३००च्या वर जातील आणि तिथे युनिट बरंच महाग आहे. मग बचत कुठे राहिली?

गोदाकाठची

बरोबर पकडलंत. घराचे दीडशे आणि गाडीचे २८५ एकाच मीटरवर घेतले तर वरच्या युनिटांना सगळे आकार धरून पंधरा रुपयांच्या पुढेही पडतात. सरासरी चौदा धरा, चार हजार होतात. तरी ते तेरा हजारांपुढे चारच आहेत. पण ईव्हीसाठी स्वतंत्र मीटर घेता येतं, त्याला घरगुती टप्प्यांची चढण लागत नाही. आम्ही पहिल्या चार बिलांनंतर घेतलं. ज्यांच्या घरावर सोलर आहे त्यांचं गणित तर वेगळंच.

बाहेरच्या फास्ट चार्जरचा रेट मात्र वीस रुपयांच्या आसपास जातो. रोज बाहेरच चार्ज करायचं असेल तर किलोमीटरला तीन रुपये पडतात, म्हणजे सीएनजीच्या जवळपास. ज्याला घरी प्लग नाही त्याने ईव्ही घेताना दहादा विचार करावा, हे मी मैत्रिणींनाही सांगते.

पानापक्कड

गॅरेज आहे माझं, बावीस वर्षं. तीन गोष्टी लिहितो.

पहिली, जुन्या गाडीला बाहेरून गॅस किट बसवायचं डोक्यात असेल तर किट मान्यताप्राप्त आहे का बघा, आणि आरसी बुकावर नोंद झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाने स्वस्तात कुठूनतरी बसवून घेतलं, नोंद केली नाही. पुढे अपघात झाला. गॅसचा त्यात संबंध नव्हता, मागून ट्रकने ठोकलं होतं. पण विम्याच्या सर्व्हेअरला टाकी दिसली, आरसीवर फक्त पेट्रोल. क्लेम नामंजूर. पावणेदोन लाख त्याच्या खिशातून गेले. घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणाऱ्यांना तर मी दारातही उभं करत नाही. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर निघून जातो. एलपीजी जड, तो गाडीच्या तळाशी साचून राहतो आणि ठिणगीची वाट बघतो.

दुसरी, सीएनजी कोरडा असतो. पेट्रोलने व्हॉल्व्हच्या सीटला जो थोडा ओलावा मिळतो तो मिळत नाही, सीट झिजते, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) घट्ट होतात, कॉम्प्रेशन जातं. कंपनी फिटेड गाडीत सीट कडक धातूची असते म्हणून ती टिकते. तरी दर सर्व्हिसला टॅपेट तपासून घ्या आणि प्लग वेळेवर बदला. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) तीन वर्षांनी, ती चुकवू नका. प्लेटवर तारीख खोदलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांत चार तरी तारीख उलटलेल्या असतात. दोनशे बारची टाकी पाठीमागे आणि मुलं मागच्या सीटवर, मला बघवत नाही.

तिसरी घाटाची. गॅसवर ताकद दहा टक्क्यांच्या आसपास कमी मिळते. एकटे असाल तर जाणवणार नाही. चार जण बसवून खंबाटकी चढणार असाल तर जाणवेल. माझी गिऱ्हाइकं घाटाच्या पायथ्याला बटण दाबून पेट्रोलवर घेतात.

बूट स्पेसचं आता बरं झालंय. २०२३पासून एक मोठी टाकी न ठेवता दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी घालणाऱ्या गाड्या आल्या, वर बॅगा राहतात.

उसाचं रान

शिरोळ तालुक्यातून लिहितोय. पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहावं म्हटलं.

आमच्या उसाचा यात मोठा वाटा आहे. साखर जास्त झाली की दर पडायचा, कारखाना बिलं थकवायचा, आम्ही वर्ष वर्ष वाट बघायचो. इथेनॉल सुरू झाल्यावर तेल कंपन्यांकडून कारखान्याकडे पैसा लवकर येतो आणि आमची बिलं लवकर निघतात. हे शेतकरी म्हणून मी मनापासून सांगतो, याने आमच्या घरात फरक पडलाय. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं लक्ष्य आधी २०३०चं होतं, ते २०२५वर आणलं आणि गाठलंसुद्धा.

पण गाडीवाल्यांची तक्रार पण मला समजते, माझीपण गाडी जुनीच आहे. २० टक्के इथेनॉल असूनही पेट्रोल स्वस्त का नाही, असं सगळे विचारतात. तर भाव बघा : २०२४-२५च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ दर होता. कर न लावलेलं पेट्रोल तेव्हा त्याच्यापेक्षा स्वस्तच पडत होतं. मग मिसळून स्वस्त कसं होणार?

आणि हे इंधन पावसावर चालतं हे विसरू नका. २०२३ला पाऊस कमी झाला. डिसेंबरात सरकारने एका आदेशाने रसापासून इथेनॉल करणं बंद केलं, साखर कमी पडेल म्हणून. डिस्टिलरीवर कर्ज काढून बसलेले कारखाने रातोरात अडकले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बंदी उठली. आता तर मक्यापासून जास्त इथेनॉल होतंय.

टॉर्करेंच

कृष्णाकाठ, तुमचं १७चं १६ का झालं त्याचं उत्तर यातच आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचवा भाग इथेनॉल, त्याचा तिसरा हिस्सा कमी, म्हणजे पंधरावा भाग गेला. १७चा पंधरावा भाग एक किलोमीटर आणि थोडं वर. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिलेली आहे, आणि इंजिन त्यासाठीच जुळवलेलं असेल तर १ ते २. तुमच्या २०१४च्या गाडीत रबरी पाइप आणि सील जुन्या धाटणीचे आहेत, ते पानापक्कड यांच्यासारख्या माणसाकडून बघून घ्या. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

उसाचं रान यांनी पावसाचं लिहिलं ते वाचून मला ब्राझील आठवलं. कंपनीच्या कामासाठी मी साओ पावलोजवळ दोन वर्षं होतो. १९७३च्या तेल संकटानंतर त्यांनी १९७५ला इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९७९ला फियाट १४७ ही पूर्ण इथेनॉलवर चालणारी गाडी आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या दहातल्या नऊ गाड्या इथेनॉलच्या होत्या. मग तेल स्वस्त झालं, साखर महाग झाली, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९-९०मध्ये पंपांवर इथेनॉलच मिळेना. लोकांच्या दारात गाड्या उभ्या, भरायला काही नाही. माझ्यासोबत काम करणारे एक ज्येष्ठ फोरमन ते दिवस सांगताना अजूनही हात झटकायचे. त्यानंतर दहा-बारा वर्षं कोणी इथेनॉलच्या गाडीकडे वळून बघितलं नाही.

भरवसा परत आला तो २००३ला, फ्लेक्स गाडी आल्यावर. दोन्हीपैकी काहीही, कितीही, एकाच टाकीत. पंपावर दोन भाव लावलेले असतात. माणूस मोबाइल काढून भागाकार करतो : इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. ऊर्जा कमी असल्याचा हिशोब तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. निवड गिऱ्हाइकाच्या हातात आहे आणि भावात तो फरक दिसतो. आपल्याकडे जवळपास सगळ्या पंपांवर एकच मिश्रण, एकच भाव. मला हे खटकतं. इथेनॉलला माझा विरोध नाही, पण कमी ऊर्जेचं इंधन देताना त्याची किंमत तेवढी कमी दाखवली पाहिजे.

जुनी_वही

सर्वांना नमस्कार. वय ८१, रत्नागिरी. हा धागा वाचून राहवलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा आमच्या आजोबांची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मी तेव्हा जन्मायचा होतो, पण वडील त्या गाडीवर क्लीनर होते आणि त्यांच्या तोंडून मी हे शंभरदा ऐकलंय. गाडीच्या मागे माणसाच्या उंचीची लोखंडी भट्टी बसवलेली. पहाटे त्यात लोणारी कोळसा भरून पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचं. अर्ध्या तासाने गॅस धरायचा, मग इंजिन चालू. गॅस गाळायच्या डब्यात राख साचायची, ती वाटेत दोनदा काढायला लागायची. वडिलांच्या उजव्या दंडावर भट्टीच्या झाकणाचा डाग शेवटपर्यंत होता.

सपाटीला गाडी बरी चालायची. आंबा घाट आला की पॅसेंजर उतरायचे, बायका-पोरं पुढे चालत आणि पुरुष मागून ढकलत. मुक्कामाला बंद खोलीत गाडी लावायला आजोबांनी सक्त मनाई केली होती. तो वायू विषारी असतो, माणूस झोपेतच जातो. युद्ध संपून पेट्रोल मोकळं झालं त्याच आठवड्यात आजोबांनी भट्टी उतरवून परसात टाकली. पुढे तिच्यात आई कपड्यांचं पाणी तापवायची, ते मी स्वतः पाहिलंय.

गोदाकाठची यांनी घाट न थांबता चढल्याचं लिहिलंय, ते मी नातवाकडून दोनदा वाचून घेतलं.

सावली

वाचताना अंगावर काटा आला, आजोबा. अजून लिहा ना त्या मोटारीबद्दल.

एक विचारायचं होतं. पाण्यापासून हायड्रोजन करून मायलेज दुप्पट करणारं किट, अशी जाहिरात सारखी दिसते. माझ्या भावाने बारा हजार आगाऊ भरायची तयारी केलीय. खरं असतं का हे?

टॉर्करेंच

भावाला आत्ता फोन करा आणि थांबवा. पाणी फोडायला वीज लागते, ती गाडीच्या अल्टरनेटरमधून येणार, अल्टरनेटरला इंजिन फिरवणार आणि इंजिन पेट्रोल पिणार. पाणी फोडताना जेवढी ऊर्जा घातली तिच्यापेक्षा जास्त हायड्रोजन जाळून परत मिळत नाही, उलट प्रत्येक पायरीला थोडी गळते. बारा हजारांचं पेट्रोल भरलेलं बरं.

हायड्रोजनची खरी गाडी असते ती फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचावर. पुण्यात ऑगस्ट २०२२मध्ये देशी फ्युएल सेलची बस दाखवली होती, ती मी जवळून बघितली. धुराड्यातून पाण्याची वाफ येते. पण आज तुमच्या-आमच्या घरासाठी ना ती गाडी बाजारात आहे ना हायड्रोजनचा पंप.

पानापक्कड

हायब्रिडचं राहिलं. माझ्याकडे अजून फारशा येत नाहीत. ज्या येतात त्यांचे मालक शहरात गर्दीत चालवणारे आहेत आणि खूश आहेत, वीस-बावीस सहज मिळतं, ब्रेक लायनिंग कमी झिजतं. हायवेला एका वेगात चाललात तर फायदा कमी होतो. किंमत जास्त. तुम्हाला हॅचबॅकच्या बजेटमध्ये बसणार नाही, कृष्णाकाठ.

रात्रपाळी

ईव्हीवाल्या ताईंना एक विचारू का? वीज पण कोळशावरच बनते ना? मग धूर इथे नाही, तिकडे चंद्रपूरला, एवढंच झालं.

टॉर्करेंच

प्रश्न रास्त आहे, आणि चंद्रपूरच्या लोकांनी तर तो विचारलाच पाहिजे. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सोळाच्या अॅव्हरेजला किलोमीटरमागे १४० ग्रॅमच्या वर. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम धरतात, सात किलोमीटरने भागा, १००. म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवरही थोडं कमीच. बॅटरी बनवताना जे जळतं ते वेगळं, ते दोन-तीन वर्षांच्या चांगल्या रनिंगमध्ये भरून निघतं. ज्याचं रनिंग महिन्याला तीनशे किलोमीटर आहे त्याचं पैशाचं आणि धुराचं, दोन्ही गणित बसत नाही. त्याने आहे ती पेट्रोल गाडी नीट राखून चालवावी.

सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा जीएसटी २८वरून १८ झाला, ईव्हीचा पाचच राहिला. त्यामुळे किमतीतली दरी वाढलीय, तेही हिशोबात घ्या. दुसरीकडे राज्याच्या २०२५च्या धोरणात ईव्हीला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोल माफ आहे. वाई-शिरवळवाल्याला त्याचा रोजचा उपयोग नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या दहा दिवसांत मी काय केलं ते लिहितो.

रात्रपाळी दादांचं ऐकून हायवेवरच्या सीएनजी पंपावर सलग सहा दिवस संध्याकाळी थांबलो. कमीत कमी २० मिनिटं रांग, जास्तीत जास्त ५५. दोन दिवस ‘गाडी यायचीय, गॅस संपला’ अशी पाटी. नऊ किलोत माझे तीन दिवस जाणार, म्हणजे आठवड्यातून दोनदा ही रांग. मुलगी आठला जेवायला थांबते. ते मला जमणार नाही.

काल एका मित्राची ईव्ही दिवसभरासाठी मागून घेतली, गोदाकाठची ताईंच्यासारखीच, २४ युनिटची. सकाळी वाईतून १०० टक्क्यांवर निघालो, बोगदा उतरून कंपनीच्या गेटवर ८३. संध्याकाळी मुद्दाम ऑफिसातले तिघे बरोबर घेतले, एसी चालू. खंबाटकीच्या पायथ्याला ७५. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, वळणावर थांबून पुन्हा चढावर उचलावी लागली, जिथे माझ्या गाडीला हाफ क्लचवर घाम फुटतो. ही नुसती पुढे सरकली. दत्तमंदिराच्या अलीकडे सगळे गप्प झाले होते, कारण इंजिनाचा आवाज नसल्याने बाहेरचा वारा ऐकू येत होता. माथ्यावर ६८, घरी ६१. दिवसाचे ३९ टक्के.

त्या तिघांपैकी दोघे सुरूर फाट्यावर राहतात. रोज बरोबर येऊन खर्च वाटून घेऊ म्हणाले. इतकी वर्षं आम्ही तिघं तीन गाड्यांनी एकाच घाटातून जात होतो.

लांबच्या प्रवासाला, कोल्हापूरला सासुरवाडीला, वर्षातून पाच-सहा वेळा जातो. तेव्हा वाटेत अर्धा-पाऊण तास चार्जिंगला थांबावं लागेल. बायको म्हणाली, नाहीतरी आईबाबांना घेऊन जाताना दर तासाला थांबतोच आपण. बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. माझ्या रनिंगला किलोमीटर आधी संपतील, साडेसहा-पावणेसात वर्षांत. तोपर्यंत किमतीतला फरक दोनदा वसूल होतो, ही तिसऱ्यांदा तपासलेली बेरीज आहे.

उद्या वायरमन अर्थिंग बघायला येतोय. मीटरपासून शेडपर्यंत २२ मीटर अंतर आहे. ताई, तुम्ही केबल किती एमएमची टाकली होती?

गोदाकाठची

६ स्क्वेअर एमएम, तांब्याची. आमचं अंतर जास्त होतं. तुम्हाला साध्या प्लगला ४ची चालेल, पण पुढे ७ किलोवॅटचा चार्जर लावायचा असेल तर आत्ताच ६ची टाका, भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही. जमिनीतून नेणार असाल तर पाइपातून न्या. शेड पत्र्याची आहे म्हणालात, तर प्लग पावसाच्या झडीकडे तोंड करून बसवू नका. आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालायची सवय आतापासूनच लावा.